वितळून थिजलेल्या दगडांतला जुन्या धडकेचा माग

सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती काळ्या दगडाची आहे. शहरातल्या एका जुन्या वस्तीचे तर नावच गिट्टीखदान आहे, आणि नागपूरहून काटोल किंवा अमरावतीच्या रस्त्याने पश्चिमेला कितीही पुढे गेले तरी हाच काळा दगड आणि त्याच्यापासून झालेली काळी माती सोबत करत राहते. मात्र जबलपूर रस्त्याने उत्तरेला निघून कामठी आणि कन्हान ओलांडले, मनसर मागे टाकले आणि देवलापारच्या बाजूला एखाद्या कोरड्या नाल्यात उतरून पाहिले, तर दगडाची जात बदललेली दिसते. येथे गुलाबी, पांढरे आणि काळसर पट्टे एकाआड एक असलेला, ठिकठिकाणी मळलेल्या कणकेसारखा दुमडलेला खडक भेटतो. मराठी भूशास्त्रात त्याला पट्टिताश्म म्हणतात, आणि महाविद्यालयीन बोलण्यात सर्रास ‘नाइस’ म्हणतात. दोन्ही दगड मुळात शिलारसापासून झालेले असले, तरी त्यांच्या जन्मकथा अगदी वेगळ्या आहेत. काळा दगड भूपट्टांच्या टकरीशी संबंध नसलेल्या एका लाव्हापुराचा आहे. पट्ट्यांचा दगड मात्र अशा टकरीतून गेलेला आहे, जिच्यात भारताचा उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील तुकडा एकमेकांना जोडला गेला.

ही टक्कर झाली तेव्हा येथे मोठी पर्वतरांग उभी राहिली असणार. आज तिच्या जागी मनसर-रामटेकच्या बुटक्या टेकड्या, पेंचचे जंगल आणि शेते आहेत. पर्वत झिजून गेला, मधला समुद्र मिटून गेला, आणि त्या काळी अंगावर शिंपले वागवणारे प्राणी नसल्यामुळे जीवाश्मांचीही मदत होत नाही. मग तेथे टक्कर झाली होती हे कशावरून म्हणायचे? याचे उत्तर प्रामुख्याने अग्निज खडकांत, म्हणजे वितळून पुन्हा थिजलेल्या खडकांत आहे. पर्वताचे शिखर नाहीसे झाले तरी त्याच्या मुळाशी वितळलेला आणि तेथेच गोठलेला दगड शिल्लक राहतो. वरचा भार झिजला की तो हळूहळू उघडा पडतो.

पुढे जाण्यापूर्वी एक रुजलेला गैरसमज दूर करायला हवा. पृथ्वीच्या पातळ कवचाखाली सगळीकडे लाव्हा खदखदत असतो आणि कवचाला तडा गेला की तो बाहेर येतो, असे चित्र पुष्कळांच्या डोक्यात असते. वास्तविक कवचाखालचे प्रावरण जवळजवळ संपूर्णपणे घन आहे. ते अतिशय तापलेले असूनही वितळत नाही, कारण वरच्या खडकाचा प्रचंड दाब त्याला वितळू देत नाही. त्यामुळे कोठेही शिलारस तयार झाला असेल, तर तेथे काहीतरी विशेष घडले असले पाहिजे. ठोकळमानाने असे तीन प्रकार संभवतात. तप्त खडक वर चढल्यामुळे त्याच्यावरचा दाब उतरतो, किंवा बाहेरून पाणी मिसळल्यामुळे त्याचा वितळण्याचा बिंदू खाली येतो, किंवा कवच जाड होऊन आतून तापत जाते. यांपैकी दुसरा आणि तिसरा प्रकार भूपट्टांच्या टकरीशी थेट निगडित आहेत, आणि दगड पाहून त्यातला कोणता प्रकार घडला हे ओळखणे हे या शास्त्राचे निम्मे काम आहे.

पाण्याचा प्रकार समजायला मटका कुल्फीवाल्याकडे पाहावे. तो मटक्यातल्या बर्फावर मूठभर जाडे मीठ टाकतो, आणि बर्फ शून्य अंशाच्या खाली असतानाच वितळू लागतो. बर्फाला कोणी जास्तीची उष्णता दिलेली नसते, फक्त मिठाच्या संगतीने त्याचा वितळण्याचा बिंदू उतरलेला असतो. दोन भूपट्ट एकमेकांकडे सरकतात तेव्हा समुद्रतळाचा जड भूपट्ट दुसऱ्याच्या खाली वाकून प्रावरणात उतरू लागतो. त्याच्या खडकांत पाणी असते. काही पाणी भेगांत असते, तर बरेचसे खनिजांच्या रचनेतच बांधलेले असते. हा भूपट्ट सुमारे शंभर किलोमीटर खोल जाईपर्यंत दाबामुळे आणि उष्णतेमुळे हे पाणी सुटत जाते आणि वरच्या प्रावरणात शिरते. तेथील खडक आधीच तापलेला असतो, पाणी मिसळल्यावर त्याचा वितळण्याचा बिंदू काही शे अंशांनी खाली येतो आणि तो वितळू लागतो. अँडीज, जपान आणि इंडोनेशियातील ज्वालामुखी असे घडलेले आहेत. खाली जाणारा भूपट्ट घर्षणाने वितळतो आणि तोच ज्वालामुखीतून बाहेर येतो, असे काही जुन्या पाठ्यपुस्तकांत वाचायला मिळते, पण बहुतेक ठिकाणी वितळतो तो वरचा खडक, आणि खालचा भूपट्ट त्याला पाणी पुरवतो.

खडक वितळतो तेव्हा तो सगळाच्या सगळा कधी वितळत नाही. लहानपणी उन्हाळ्यात संत्र्याच्या चवीची आइसकांडी ज्यांनी चोखली असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. रंग आणि गोडवा पहिल्या काही घोटांतच निघून येतो आणि हातात फिका, बेचव बर्फ उरतो. खडकाचेही तसेच होते. जी मूलद्रव्ये खनिजांच्या जाळीत सहज मावत नाहीत ती आधी द्रवात उतरतात, आणि सिलिकाचे प्रमाणही मूळ खडकापेक्षा द्रवात जास्त असते. प्रावरण थोडे वितळले की बेसाल्टचा काळा शिलारस मिळतो. त्याच्यातून वर चढताना काही खनिजे गोठून मागे राहिली, किंवा वाटेतले कवच वितळून त्यात मिसळले, की उरलेला द्रव फिका होत अँडेसाइट, डायोराइट आणि शेवटी ग्रॅनाइटच्या जवळ जातो. म्हणजे ग्रॅनाइट हा पुष्कळदा गाळून घेतलेला दगड आहे, आणि प्रत्येक गाळणीची खूण त्याच्या अंगावर राहते.

येथे ग्रॅनाइट या शब्दाविषयी थोडे सांगावे लागेल, कारण बाजारात त्याचा अर्थ फार सैल झाला आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी दगड पाहायला मी एकदा दुकानात गेलो असता, काळ्या पृष्ठभागावर सोनेरी ठिपके चमकणारी ‘ब्लॅक गॅलॅक्सी’ नावाची फरशी दाखवून दुकानदार मला म्हणाला, “घ्या भाऊ, हा एक नंबर ग्रॅनाइट.” आंध्र प्रदेशातील चिमकुर्तीचा हा दगड उत्तम असतो यात शंका नाही, पण तो गॅब्रोच्या जातीचा आहे, म्हणजे रसायनाने बेसाल्टचाच भाऊ, फक्त खोलवर सावकाश थिजल्यामुळे मोठ्या कणांचा झालेला. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये भिंग लावले की तीन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. एक काचेसारखी राखाडी गार, म्हणजे क्वार्ट्झ, दुसरे गुलाबी किंवा दुधी फेल्डस्पार, आणि तिसरे काळ्या अभ्रकाचे पापुद्रे. हे कण डोळ्यांना दिसण्याइतके मोठे आहेत याचा अर्थ शिलारस पृष्ठभागापासून काही किलोमीटर खोल, हजारो ते लाखो वर्षे हळूहळू थंड होत गेला. त्यामुळे उघड्यावर पडलेला प्रत्येक ग्रॅनाइट आपोआप हेही सांगतो की त्याच्यावरचा कित्येक किलोमीटर जाडीचा दगड झिजून नाहीसा झाला आहे. त्यात हॉर्नब्लेंड हे गडद खनिज असेल, तर त्यातील ॲल्युमिनियमच्या प्रमाणावरून ही खोली आकड्यात मांडता येते, कारण दाब जितका जास्त तितके ॲल्युमिनियम त्या खनिजात अधिक शिरते.

पाण्याने वितळलेल्या शिलारसाची आणखी एक नेमकी खूण म्हणजे नायोबियम आणि टँटलम या दोन मूलद्रव्यांची टंचाई. खाली जाणाऱ्या भूपट्टातून पाणी निघते तेव्हा ते बेरियम, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, शिसे अशी मूलद्रव्ये सोबत घेऊन जाते. नायोबियम आणि टँटलम मात्र पाण्यात सहज विरघळत नाहीत आणि रुटाइलसारख्या खनिजांत अडकून खालीच राहतात. परिणामी वरच्या ज्वालामुखींच्या दगडात पहिल्या गटाची चंगळ आणि दुसऱ्याचा तुटवडा दिसतो. मूलद्रव्यांचे आलेख काढले की नायोबियमच्या जागी रेषा एकदम खड्ड्यात उतरते. पृष्ठभागावर ज्वालामुखीचा मागमूस नसला, समुद्र कोठे होता हे सांगायला कोणी नसले, तरी या खड्ड्यावरून तेथे एकेकाळी समुद्रतळ खाली सरकत होता अशी शंका घ्यायला जागा मिळते.

मात्र समुद्रतळ खाली सरकत राहणे ही टकरीची पूर्वतयारी झाली. खरी टक्कर समुद्र संपतो तेव्हा होते. समुद्रतळ जड असल्यामुळे खाली जातो, पण त्याच्या मागून येणारा खंड हलका असल्यामुळे फार खोल जाऊ शकत नाही. दोन्ही खंड भिडतात, एकमेकांवर चढतात आणि कवच जाड होत जाते. साधारण कवच ३५ ते ४० किलोमीटर जाडीचे असते, तर हिमालय आणि तिबेटखाली ते सुमारे ७० किलोमीटर आहे. आता पाण्याचा पुरवठा आटलेला असतो, त्यामुळे पाण्याने वितळलेल्या शिलारसाचे ज्वालामुखी बंद पडतात. त्याऐवजी खोल गाडल्या गेलेल्या चिखलाच्या आणि वाळूच्या खडकांतील युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सर्गाने कवच आतून तापत जाते, आणि काही कोटी वर्षांनी तोच गाळ वितळून वेगळ्याच जातीचा ग्रॅनाइट तयार होतो. ब्रूस चॅपेल आणि ॲलन व्हाइट यांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रॅनाइटांचा अभ्यास करून हा फरक मांडला. आधीच्या अग्निज खडकातून झालेल्याला त्यांनी ‘आय’ प्रकार म्हटले आणि गाळाच्या खडकातून झालेल्याला ‘एस’ प्रकार. दुसऱ्या प्रकारात ॲल्युमिनियम जास्त असल्यामुळे पांढरे अभ्रक, गार्नेट किंवा कॉर्डिएराइट अशी खनिजे सापडतात. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे गुणोत्तरही चढे असते, कारण रुबिडियमचे स्ट्रॉन्शियममध्ये रूपांतर होण्याची संथ क्रिया जुन्या गाळात दीर्घकाळ चालू राहिलेली असते.

हा क्रम पाहायचा तर लडाखइतके सोयीचे ठिकाण नाही, कारण तेथील टक्कर भूशास्त्राच्या मानाने कालची आहे. लेहच्या मागे उभी असलेली लडाख रांग राखाडी, हॉर्नब्लेंडयुक्त, ‘आय’ प्रकारच्या ग्रॅनाइटसदृश खडकांची आहे. भारत आणि आशिया यांच्यामधला टेथिस समुद्र आशियाखाली सरकत असताना तो शिलारस तयार झाला, आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी हा पुरवठा बंद पडला. त्याच सुमारास दोन्ही खंड भिडले. तेथून दक्षिण-आग्नेयेला गंगोत्रीच्या परिसरात शिवलिंग आणि भागीरथी ही शिखरे मात्र पांढऱ्याशुभ्र ग्रॅनाइटची आहेत. त्यात पांढरे अभ्रक, काळे टूर्मलिन आणि बारीक गार्नेट असते, आणि त्याचे वय सुमारे सव्वादोन कोटी वर्षे आहे. एकाच टकरीची ही दोन पाने आहेत, समुद्र संपण्यापूर्वीचे राखाडी आणि कवच जाड झाल्यानंतरचे पांढरे. या दोन वयांच्या दरम्यान टकरीचा काळ पकडता येतो. नागपूरच्या उत्तरेकडील खडक वाचताना भूशास्त्रज्ञांच्या मनात हाच नमुना असतो, फक्त येथे पाने फाटलेली, दुमडलेली आणि काही ठिकाणी पुन्हा भाजलेली आहेत.

वय काढण्याची रीत थोडी विस्ताराने पाहण्यासारखी आहे, कारण सगळा युक्तिवाद शेवटी तिच्यावर टेकतो. ग्रॅनाइटमध्ये झिर्कॉन नावाच्या खनिजाचे कण असतात. ते सामान्यतः एक-दोन दशांश मिलिमीटरचे, म्हणजे रव्याच्या कणाहूनही लहान असतात. दगड फोडून, चाळून, चुंबकाने आणि जड द्रवाने बाकीची खनिजे बाजूला काढून ते वेचावे लागतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक कण उचलण्याचे हे काम डाळीतले खडे निवडण्यापेक्षा कितीतरी किचकट असते. झिर्कॉन घडत असताना झिर्कोनियमच्या काही जागांवर युरेनियम सहज बसते, पण शिशाला तो जवळजवळ थारा देत नाही. म्हणून नंतर त्या कणात जे शिसे सापडते ते युरेनियमच्या क्षयातूनच आलेले असते असे धरता येते. युरेनियमच्या दोन समस्थानिकांपैकी २३८ चा अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे आणि २३५ चा सुमारे ७० कोटी वर्षे. त्यामुळे एकाच कणातून दोन स्वतंत्र वये निघतात. दोन्ही जुळली तर वय भरवशाचे, आणि जुळली नाहीत तर मधल्या काळात शिसे गळाले किंवा कण पुन्हा तापला असे समजायचे. झिर्कॉनचा दुसरा गुण म्हणजे चिवटपणा. शिलारसातही तो कधीकधी पूर्ण विरघळत नाही. त्यामुळे आत जुना गाभा आणि त्याभोवती नंतर वाढलेली कड असा कण सापडतो. कण अर्धा घासून त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकला की आतली वलये उजळतात, आणि मग गाभ्यावर वेगळा आणि कडेवर वेगळा, सुमारे तीन शतांश मिलिमीटर रुंदीचा झोत रोखून दोन्हींची वये मोजता येतात. गाभा मूळ शिलारस कधी थिजला ते सांगतो, तर कड तोच दगड पुन्हा कधी भाजला ते.

देवलापारच्या बाजूचा पट्टिताश्म शास्त्रात तिरोडी पट्टिताश्म म्हणून ओळखला जातो. हे नाव बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी गावावरून पडले. हा खडक मँगनीज असलेल्या सौसर गटाच्या खडकांखालचा जुना पाया आहे, की त्याच गाळाचे अर्धवट वितळून झालेले रूप आहे, यावर अनेक वर्षे वाद झाला. झिर्कॉनच्या वयांनी त्यात बरीच स्पष्टता आणली. मूळ ग्रॅनाइटसदृश शिलारस सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वी थिजला, आणि सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी या सगळ्या पट्ट्याला पुन्हा एकदा दाब आणि उष्णता सोसावी लागली, असे आज दिसते. म्हणजे आपण ज्याला एक टक्कर म्हणतो ती बहुधा निदान दोन अंकी होती. दुसऱ्या अंकाचा काळ जगभरातील खंड एकत्र येऊन रोडिनिया हा महाखंड बनत होता त्या काळाशी जुळतो. नाल्यातल्या दगडावर दिसणारे गुलाबी-काळे पट्टे या दाबाखालीच ओढले आणि लांबवले गेले, आणि ज्या दगडाला आपण सहज ओलांडतो तो कधीकाळी अखंड, बिनपट्ट्यांचा, एकसारख्या कणांचा ग्रॅनाइट असू शकतो.

या प्रदेशाला शास्त्रीय लिखाणात मध्य भारतीय विवर्तनी पट्टा, म्हणजे कवचाच्या हालचालींनी घडलेला पट्टा, म्हणतात. त्याच्या उत्तरेला बुंदेलखंडाचा आणि दक्षिणेला बस्तरचा प्राचीन भूखंड आहे, आणि मधल्या रुंद पट्ट्यात नर्मदा-सोनच्या बाजूचे महाकोशल, बैतूल आणि नागपूर-छिंदवाडा-बालाघाटकडील सौसर असे खडकांचे गट आहेत. नागपूरकरांना यांतील सौसर गट अधिक परिचयाचा असतो, कारण मनसर, कांद्री, गुमगाव येथील मँगनीजच्या खाणी त्याच गटात आहेत. भूशास्त्रज्ञ लुईस फर्मोर यांनी या मँगनीजचा अभ्यास करून १९०९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गार व मँगनीजयुक्त गार्नेट मिळून झालेल्या येथील खडकाला गोंड समाजावरून गोंडाइट हे नाव दिले. पुढे १९३० च्या दशकात भूशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी देवलापारच्या परिसरात खडकांचे थर उलटसुलट लागतात हे पाहिले आणि असा निष्कर्ष काढला की येथे खडकांची एक अख्खी चादर दुमडून दुसऱ्यावर सरकली आहे. आल्प्समध्ये अशा चादरी ठाऊक होत्या, पण नागपूर जिल्ह्यात तशी चादर दाखवणे धाडसाचे होते. भूपट्टांची कल्पना रूढ व्हायला तेव्हा आणखी तीस वर्षे लागायची होती, म्हणून वेस्ट यांनी टकरीचा परिणाम नकाशावर उतरवला तरी टकरीचे कारण त्यांच्या हाती नव्हते.

समुद्रतळ कोणाच्या खाली सरकला, हा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही, आणि येथे अग्निज खडकांची साक्ष गुंतागुंतीची होते. बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे. तेथील तांबे ग्रॅनाइटमध्ये आणि त्यातील गारेच्या शिरांत आहे, आणि अँडीजमधील तांब्याच्या साठ्यांशी त्याचे साम्य अनेकांना जाणवते. त्याच्या दक्षिणेला छत्तीसगडमध्ये डोंगरगडचा ग्रॅनाइट आणि रायोलाइट, म्हणजे ग्रॅनाइटच्याच रसायनाचा पण पृष्ठभागावर थिजलेला दगड, आहे. १९९० च्या सुमारास मांडल्या गेलेल्या एका कल्पनेनुसार उत्तरेकडचा समुद्रतळ बस्तरखाली दक्षिणेला सरकला आणि हे सगळे खडक त्यावरच्या ज्वालामुखींच्या रांगेचे अवशेष आहेत. कल्पना सुबक होती. अडचण अशी झाली की मलाजखंड आणि डोंगरगडच्या खडकांची वये सुमारे २५० कोटी वर्षे भरली, म्हणजे तिरोडीच्या शिलारसाच्या आधी तब्बल ९० कोटी वर्षे. ज्या टकरीची रांग म्हणून त्यांना उभे केले, तिच्याशी त्यांचा संबंध असणे अवघड झाले. डोंगरगडचे खडक खंड एकमेकांवर आदळताना नव्हे, तर फाटताना झाले असावेत असेही काही अभ्यासक म्हणतात. मुंगवानी ते राजनांदगाव अशा रेषेवर कृत्रिम स्फोटांच्या लहरी जमिनीत सोडून घेतलेल्या चित्रात, खोल कवचातील थर जोडरेषेच्या दोन बाजूंना परस्परविरुद्ध दिशांनी कललेले दिसतात. टक्कर झाल्याचे त्यातून सूचित होते. कोणाचे पाऊल वर होते याचे अर्थ मात्र प्रत्येक गट वेगळे लावतो. माझ्या मते उपलब्ध वये पाहता दक्षिणेकडच्या जुन्या ग्रॅनाइटांना या वादातून बाजूला ठेवणेच बरे.

हा वाद पाहिल्यावर रासायनिक खुणांच्या मर्यादाही लक्षात येतात. १९८४ मध्ये ज्युलियन पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅनाइटमधील रुबिडियम, यट्रियम आणि नायोबियम यांचे आलेख काढून त्यावर ज्वालामुखींच्या रांगेचे, टकरीचे, खंडाच्या पोटातले आणि सागरी कण्याचे असे चार प्रांत आखले. तेव्हापासून ग्रॅनाइटचा नमुना मोजायचा, बिंदू आलेखावर टाकायचा आणि प्रांताचे नाव वाचायचे, ही पद्धत इतकी सोपी वाटू लागली की पुष्कळांनी बिंदूलाच निकाल मानले. पण शिलारस ज्या खडकातून वितळला त्याचा स्वभावही तो उचलतो. एखाद्या प्राचीन ज्वालामुखी रांगेचे खडक कितीतरी काळाने, वेगळ्याच कारणाने वितळले, तर नवा ग्रॅनाइटही नायोबियमचा तोच खड्डा दाखवतो. नातवाचे नाक आजोबांवर गेले म्हणून नातू आजोबांच्या काळात जन्मला असे कोणी म्हणत नाही, पण आलेखावर नेमकी हीच चूक होते.

सीताबर्डीचा काळा दगड या बाबतीत उपयोगी इशारा देतो. दख्खनचे बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारत आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्तंभावरून सरकत असताना बाहेर पडले. खोलवरचा तापलेला खडक वर चढला, त्याच्यावरचा दाब उतरला आणि तो वितळला, हा आधी सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी पहिला प्रकार. दोन भूपट्टांची टक्कर येथे कोठेच नव्हती. तरीही सह्याद्रीतील बुशे या गटासारख्या काही लाव्हांमध्ये नायोबियमची टंचाई आढळते, कारण वर येताना त्यांनी वाटेतले जुने कवच बरेच खाल्ले होते. म्हणजे हातात नमुना आणि आलेख एवढेच घेऊन बसलेला माणूस दख्खनच्या काही लाव्हांनाही टकरीचे खडक ठरवू शकेल. त्यापासून वाचवतात त्या इतर गोष्टी, म्हणजे लाव्हांचे सपाट, शेकडो किलोमीटर पसरलेले थर, दुमडीचा अभाव, त्यांचे एकसारखे वय आणि सोबत मोठ्या ग्रॅनाइट रांगेचा नसलेला पत्ता. मलाजखंडबद्दल किंवा तिरोडीबद्दल बोलतानाही रसायन, वय, आजूबाजूच्या खडकांची दुमड आणि खोली या चारही गोष्टी एकमेकींशी जुळतात का, हे पाहूनच पुढे जावे लागते.

टकरीचा आणखी एक पुरावा मुळात अग्निज असलेल्या, पण नंतर पुन्हा भाजल्या गेलेल्या खडकांत सापडतो. छिंदवाडा जिल्ह्यातील रामाकोनापासून बालाघाटकडील कटंगीपर्यंत ग्रॅन्युलाइट नावाच्या खडकांचा पट्टा आहे. त्यात गॅब्रो आणि बेसाल्टच्या जुन्या भिंती खोल कवचात गाडल्या जाऊन बदलल्या आहेत, आणि त्यांच्या काळ्या अंगावर गार्नेटचे तांबडे ठिपके आहेत. अशा रसायनाच्या खडकात गार्नेट तयार व्हायला मोठा दाब लागतो. अशा प्रकारच्या खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर कधीकधी गार्नेटभोवती फेल्डस्पारची बारीक, फिकी झालर दिसते. खडक अजून तापलेला असतानाच त्याच्यावरचा दाब वेगाने उतरला, तर गार्नेट टिकत नाही आणि कडेने मोडू लागते, त्या मोडीतून ही झालर होते. जाड झालेले कवच झिजून किंवा पसरून खडक वर आला, याचे ते नेमके चित्र आहे. या पट्ट्यातील लहान-मोठ्या झालरींवरून पर्वत किती वेगाने उतरला याचा अंदाज बांधता येतो.

नागपुरात नवीन घर बांधताना स्लॅबसाठी गिट्टी लागते आणि वाळू लागते. गिट्टी बहुतेकदा पश्चिमेच्या खाणींतल्या काळ्या दगडाची असते, आणि वाळू पिढ्यानपिढ्या कन्हानची पसंत केली जाते. बेसाल्टमध्ये गारेचे कण जवळजवळ नसतात, त्यामुळे ती स्वच्छ, करकरीत वाळू काळ्या दगडातून आलेली असू शकत नाही. तिच्यातील बरेच कण सौसर आणि तिरोडीच्या खडकांतून, किंवा त्यांच्या झिजेतून आधी झालेल्या वाळूच्या दगडांतून सुटून नदीत आले आहेत. चाळणीवर उरलेल्या जाड कणांमध्ये गुलाबी फेल्डस्पारचे तुकडे सहज ओळखू येतात. तळाशी बसणाऱ्या जड, बारीक कणांत झिर्कॉनही असतातच, फक्त ते शोधायला भिंग पुरत नाही.